टपावरचा फुगा

धक्क्यावर तिला सगळे कॅप्टन म्हणायचे. सुरुवातीला ही निव्वळ थट्टा होती. नवरा आजारपणात गेला आणि काही दिवसांतच ही बाई बाह्या दुमडून त्याच्या मोटरबोटीच्या सुकाणूवर उभी राहिली, तेव्हा डिझेलच्या पंपापाशी बसणारी रिकामटेकडी मंडळी एकमेकांना डोळे मिचकावून म्हणाली, "चला, आता कॅप्टन आल्या!" पुढे एकदा भर वाऱ्यात तिने बोट धक्क्याला अशी अलगद लावली, की काठावर टांगलेल्या टायरलाही कळलं नसेल. थट्टा विरली, नाव तेवढं चिकटलं.

हे सगळं तिला शिकवलं होतं धाकट्या दिराने. तो थोरल्या भावाबरोबर याच बोटीवर वाढला होता. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं की आज इंजिनाचं पोट दुखतंय की डोकं. भाऊ गेल्यावर बोटीचा परवाना त्याने स्वतःच्या नावावर सहज करून घेतला असता, पण तो वहिनीला म्हणाला, "तुमच्या नावावर घ्या. मी एकटा जीव. उद्या मला कुठे जावंसं वाटलं, तर घर उघडं पडायला नको." तो कुठे गेला नाही. वहिनीला परीक्षेला बसवलं, पास करवलं आणि आपण खलाशी म्हणून तिच्या हाताखाली राहिला. घरी तिची सासू, तो आणि ती. तिची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी शिकायला होती.

बोट चालायची ती समोरच्या बेटापर्यंत. बेटावर एक आरोग्यधाम होतं. तिथले रुग्ण, त्यांना भेटायला येणारी माणसं, परिचारिका, कपड्यांची गाठोडी, औषधांची खोकी, सगळी ने-आण हीच बोट करायची. बेटाला आधी धक्का नव्हता. किनाऱ्याजवळ पाणी उथळ आणि खाली खडक, म्हणून मोटरबोट लांब नांगरून ठेवायची आणि माणसांना फुग्यातून किनाऱ्यावर न्यायचं.

फुगा म्हणजे हवा भरायची रबरी होडी. राखाडी रंगाची, दोन्ही बाजूंना मांडीएवढ्या जाड नळ्या, मध्ये बसायला फळी, दोन वल्ही. तिच्यावर दिराचा भारी जीव. दुपारी ऊन तापलं की आतली हवा ताणते, म्हणून थोडी सोडायची. सकाळच्या गारठ्यात नळ्या मऊ पडल्या, की पुन्हा भरायची. खारं पाणी सुकून रबराला खाऊ नये म्हणून गोड्या पाण्याने धुवायची. मग बोटीच्या टपावर पालथी घालायची, वर ताडपत्री, आणि पट्ट्यांच्या गाठी अशा मारायच्या की एका हिसक्यात सुटाव्यात. सासू म्हणायची, "लग्न कर म्हटलं तर हा त्या फुग्याशी संसार मांडून बसलाय!"

मग बेटावर पक्का धक्का झाला. बोट थेट काठाला लागायला लागली आणि फुग्याला रोजचं काम उरलं नाही. अडीअडचणीला म्हणून तो बोटीवर हवा भरून तयार असलाच पाहिजे, असा नियम होता. त्यामुळे तो तसाच टपावर पडून असायचा. टपाला कठडा होता, वर छान वारा लागायचा, आणि पोरीबाळी नेहमी विचारायच्या, "वर बसू का?" कॅप्टनला दर वेळी नाही म्हणावं लागायचं. हळूहळू तिला त्या फुग्याचा रागच यायला लागला. बिनकामाचा पाहुणा घरातली एकुलती खाट अडवून बसावा, तसा.

एके दिवशी कुठल्याशा कचेरीतल्या मंडळींनी सहलीसाठी बोट ठरवली. त्यांची एकच अट, टपावर बसायला मिळालं पाहिजे. सकाळी निघायच्या आधी तिने दिराला सांगितलं, "भावजी, फुग्याची हवा काढा आणि पुढच्या पेटीत टाका."

तो म्हणाला, "वहिनी, फुगा वर असू दे. त्यांना खाली बसवू. वारा काही एकट्या टपावरच नसतो."

"धक्का झाला ना आता? कोणाला लागतोय तो?"

"लागत नाही तोवर लागत नाही."

"तुमचं आपलं काहीतरीच! मी सांगते ना, काढा."

त्याने झडप उघडली, हवा फुस्स करून गेली. एरवी कधी हवा काढलीच तर तो फुग्याला पावडर लावून नीट घडी घालायचा, पण मंडळी धक्क्यावर येऊन उभी होती आणि तिची घाई चालली होती. तिनेच त्याचा बोळा करून नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, पेटीत कोंबला. पायाने दाबायचा पंपही त्यातच. वरून नांगराची जादा साखळी टाकली आणि झाकण लावून दिलं.

सहल झकास झाली. दुपारी परत निघाले तेव्हा वारा वाढला होता, पण काळजीचं काही नव्हतं. टपावर गाणी चालली होती. बेटाच्या टोकाला पाण्यातून वर आलेले काळे खडक आहेत, त्यांच्या जरा लांबून बोट चालली होती. तेवढ्यात वरून कोणीतरी ओरडलं, "अरे, कोबी बघा, कोबी!"

खरंच पाण्यावर कोबीचे गड्डे डुलत होते. मागोमाग टोमॅटो आले. एक टोपली गरगरत आली. टपावर हशा पिकला. कॅप्टनही हसली. दिराने मात्र टोपली पाहिली आणि तो ताडकन उभा राहिला. ती टोपली आरोग्यधामाच्या आचाऱ्याची होती. आचारी लठ्ठ, मजेशीर माणूस. बाजार करून तो आपल्या लाकडी होडक्यातून एकटाच परतायचा. त्याचं होडकं खडकांपाशी उलटं झालं होतं आणि तो एका खडकाला मिठी मारून लोंबकळत होता. लाट आली की दिसेनासा व्हायचा, गेली की पुन्हा दिसायचा.

मोटरबोट तिकडे नेणं शक्य नव्हतं. खालच्या खडकांवर पंखा आपटला असता, तर आचाऱ्याबरोबर अख्खी सहल बुडाली असती. तिने शक्य तितकं जवळ जाऊन नांगर टाकला. दीर पेटीपाशी धावला. साखळी उपसली, फुगा ओढला, तर तो साखळीच्या कड्यांत अडकलेला. बोळा सुटेना. एकदाचा निघाला तर पंपाची नळी दुमडून चिरलेली. दिराने चिरेवर रुमाल गुंडाळून पंप मारायला सुरुवात केली, पण निम्मी हवा बाहेरच जात होती. तिकडून आचाऱ्याचा आवाज येत होता, आणि मग तोही येईनासा झाला.

"वहिनी, तुम्ही मारा पंप," तो म्हणाला. त्याने कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक कठड्याला अडकवलं आणि उडी घेतली.

ती पंप मारत राहिली. सहलीतली माणसं आळीपाळीने तिच्या मदतीला आली. कोणी नळी धरली, कोणी झडपेवर हात ठेवला. पंप मारता मारता तिला दिसत होतं, की दीर खडकापाशी पोचला, त्याने आचाऱ्याला काखेत धरलं, उजव्या हाताने खडकाची कड पकडली. मग मोठी लाट आली आणि त्या लाटेने आचाऱ्याचं उलटं होडकं उचलून त्या खडकावर आणलं. दिराचा हात मध्ये सापडला.

तो ओरडला नाही. निदान तिला ऐकू आलं नाही.

फुगा अर्धामुर्धा भरला, तसाच तिने पाण्यात टाकला आणि स्वतः वल्हं मारत गेली. मधून तो घडी पडल्यासारखा वाकत होता. तिने आधी आचाऱ्याला आत ओढलं, मग दिराला. दिराने आचाऱ्याला सोडलं नव्हतं. दुसऱ्या हाताकडे बघू नका, असं तो तिला म्हणाला, म्हणून तिने पाहिलं.

आचारी वाचला. दिराचाही जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली आणि उरलेली कायमची ताठली. आणि गावभर नाव झालं ते कॅप्टनचं! अर्ध्या फुगलेल्या होडीतून एकटीने दोन माणसं आणली, बाई आहे की वाघीण! रस्त्यात लोक थांबवून हात जोडायचे. ती मान खाली घालून पुढे जायची, आणि लोक म्हणायचे, बघा, गर्व म्हणून नाही.

दवाखान्यात बोटींच्या तपासणीचे साहेब आले. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "होडी टपावर तयार ठेवायचा नियम आहे. ती पेटीत का होती?"

खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या कॅप्टनने तोंड उघडलं. पण त्याआधीच खाटेवरून दीर बोलला, "मी ठेवली साहेब. वहिनी नको म्हणत होत्या. मीच ऐकलं नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "असंच झालं का?"

तिने मान हलवली. पुढे ती सांगायची, "तेव्हा मी स्वतःला समजावलं, की मान मी हलवली नाही, ती हलली. मान काय आपली आपण हलते?"

साहेब गेल्यावर ती खाटेशी बसली. "हे काय केलंत भावजी?"

"परवाना तुमचा आहे. तो गेला तर बोट उभी राहील. आईचं औषध आहे, पोरीचं शिक्षण आहे. माझा हात तर गेलाच. त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे की!"

"पण चूक माझी..."

"आता त्यावर बोलायचं नाही," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

ती बोलली नाही. बोट चालू राहिली. दिराचं खलाशाचं कार्ड मात्र काढून घेतलं आणि त्याच्या नावापुढे निष्काळजी हा शेरा बसला. तो डिझेलच्या पंपावर डाव्या हाताने नळी धरायचं काम करायला लागला. तिथल्या त्याच रिकामटेकड्या मंडळींनी त्याचं बारसं केलं: फुगा. "काय फुगा, आज हवा भरली का?" तोही हसायचा. बोटीत डिझेल भरताना कॅप्टनला हे रोज ऐकावं लागायचं. ऐकून ती नळीकडे बघत राहायची, जणू डिझेल कसं वाहतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

घरी तर याहून कठीण होतं. सासू लेकाला डाव्या हाताने जेवताना बघायची आणि तिचा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "आपल्या हाताने आपला हात घालवलास! ती बिचारी सांगत होती, फुगा वर ठेवा, वर ठेवा. थोरल्या वहिनीचं ऐकलं असतंस, तर काय कमी झालं असतं?" दीर खाली मान घालून घास उचलायचा. कॅप्टन समोर बसलेली असायची. तिच्या तोंडातला घास तोंडातच फिरायचा. एकदा ती म्हणाली, "आई, असू द्या हो." त्यावर सासू म्हणाली, "तू फार चांगली आहेस गं, म्हणून." त्या दिवशी ती ताटावरून उठली ती मोरीत जाऊन बराच वेळ तांब्याच घासत बसली.

लोकांचं कौतुक अंगाला टोचायचं म्हणून तिने निदान एका माणसाला खरं सांगून पाहिलं. आचाऱ्याला. तो बरा झाल्यापासून दर फेरीला तिच्या हातात एखादी भाजीची जुडी ठेवायचा, म्हणायचा, "माझा दुसरा जन्म तुमच्यामुळे." ती म्हणाली, "तो फुगा पेटीत मी ठेवला होता. तुम्ही माझ्यामुळेच इतका वेळ पाण्यात होतात." आचाऱ्याने थोडा विचार केला. "पण आणलंत ना बाहेर? झालं तर मग! मेथी घ्या, ताजी आहे." ती मेथीची जुडी धरून उभीच राहिली. कबुली दिली आणि घेणाऱ्याने ती घेतलीच नाही, याचं काय करायचं ते तिला कळेना.

बरेच महिने असे गेले. मग आरोग्यधामाने स्वतःची बोट घ्यायचं ठरवलं. एका फेरीला तिथले व्यवस्थापक सुकाणूपाशी येऊन उभे राहिले आणि गप्पा मारता मारता म्हणाले, "खरं तर आमच्या बोटीवर मला तुमचा दीरच हवा होता. अपघाताच्या आधीपासून मनात होतं."

तिने विचारलं, "मग आता हातामुळे नको?"

"हाताचं काय? सुकाणू डाव्या हातानेही फिरतं. पण रुग्णांची बोट आहे. निष्काळजी माणूस कसा ठेवू?"

तिने इंजिन मंद केलं. मागच्या बाकावरच्या दोन परिचारिका काय झालं म्हणून बघायला लागल्या. ती म्हणाली, "निष्काळजी मी आहे. फुगा मी काढायला लावला. तो नको म्हणत होता. साहेबांसमोर तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी बोलू दिलं." आणि सुकाणू न सोडता, तिने सहलीच्या सकाळच्या त्या बोलण्यातला शब्द न् शब्द सांगितला. धक्क्याला लागल्यावर ती व्यवस्थापकांना म्हणाली, "आता माझ्याबरोबर तपासणीच्या कचेरीत चला. एकटी गेले तर दारातून परत फिरेन. मला मी ओळखते."

ते गेले. साहेबांनी ऐकून घेतलं. खोटं सांगितल्याबद्दल तिला आणि बोलावून घेतलेल्या दिराला खडसावलं, पण दिराच्या नावापुढचा शेरा काढला, आणि तिचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला. एवढं होऊन आरोग्यधामाची नोकरी दिराला मिळाली नाहीच. व्यवस्थापकांनी आदल्या आठवड्यातच दुसऱ्या माणसाला शब्द दिला होता. ते खजील झाले, पण शब्द फिरवायला तयार नव्हते.

तिला वाटलं होतं, दिराला निदान हलकं वाटेल. तो संध्याकाळी घरी आला तो धुमसतच. "कोणाला विचारून बोललात?"

"भावजी, लोक तुम्हाला..."

"लोक मला म्हणत होते, तुम्हाला नाही! मला चालत होतं. मी माझा हात दिला वहिनी, त्याच्या बदल्यात बोट चालू होती. तुम्ही तो उचलून पाण्यात फेकलात. का? तर तुम्हाला झोप येईना म्हणून!"

हे तिच्या वर्मी लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. आता हाही दोष तिच्याच पदरात पडला. गप्प राहिली तेव्हा त्याचं नाव गेलं, बोलली तेव्हा त्याने दिलेलं गेलं.

सासू चुलीपाशी सगळं ऐकत होती. तिने ताटं वाढली. कॅप्टनचं ताट नेहमीसारखं पहिलं ठेवलं. मग खाली बघतच विचारलं, "मी त्याला बोलत होते, तेव्हा तू इथेच बसलेली असायचीस ना?"

"हो, आई."

म्हातारीने भाजीची वाटी पुढे सरकवली. म्हणाली, "भाजी घे." पण त्यानंतर कितीतरी दिवस तिने सुनेच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

बोट धक्क्याला बांधून पडली. लेकीला शिक्षणाच्या जोडीला शिकवण्या घ्याव्या लागल्या. तिने फोनवर आईला एवढंच विचारलं, "काकाचा हात आता दुखतो का गं?" कॅप्टन दुसऱ्यांच्या बोटींचे तळ खरवडायच्या कामाला लागली. शेवाळ आणि शंखांनी बोटं सोलून निघायची. कोणी कीव केली की ती तिथून उठून जायची. सोललेली असली तरी तिची दहाही बोटं जागेवर होती.

शेवटी दीरच परीक्षेला बसला. साहेबांनी त्याला डाव्या हाताने बोट वळवायला लावली, मागे घ्यायला लावली, धक्क्याला लावायला लावली. परवाना मिळाला. घरी येऊन तो आईला म्हणाला, "बोट सोमवारपासून सुरू." आणि वहिनीकडे न बघता म्हणाला, "मला खलाशी लागेल. येणार का?"

ती गेली. आता तो सुकाणूवर आणि ती दोऱ्यांवर. तो कामापुरतं बोलायचा. "दोरी." "नांगर." "सोडा." ती धावून धावून करायची. सांगायच्या आधी करायची. जड खोकी एकटीच उचलायची, जेवायची सुटी घ्यायची नाही, पावसात छपराखाली यायची नाही. प्रवासी उतरले की गुडघ्यांवर बसून फळ्या पुसत राहायची, स्वच्छ असल्या तरी. तो बघायचा आणि तोंड फिरवायचा.

वर्ष संपलं, तिचा परवाना परत मिळाला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "उद्यापासून सकाळच्या फेऱ्या तुम्ही चालवा."

ती म्हणाली, "नको भावजी. मी दोऱ्यांवरच बरी."

तो चिडला. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "किती दिवस हे असं? शिक्षा भोगायची तर घरी भोगा. माझ्या बोटीवर नाही! रोज तुमचं ते कोमेजलेलं तोंड बघून मला वाटतं, मीच काहीतरी पाप केलंय. थंडीत माझा हात ठणकतो, सुकाणू धरवत नाही. मला माणूस कमी पडतोय वहिनी. चालवा म्हणतो, तर चालवा."

हात ठणकतो, हे त्याने तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आणखी एक खोकं उचललं असतंत."

तिला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुकाणूवर उभी राहिली. सुकाणूला वर्षभर हात लागला नव्हता, धक्का सोडताना बोट एका टायरवर चांगली धडकली आणि बाकावरच्या आजोबांच्या पेल्यातला चहा त्यांच्या मांडीवर सांडला. आजोबा म्हणाले, "नवीन आहे वाटतं?" दीर नाळेवर दोरी गोळा करत होता, डाव्या हाताने आणि दातांनी. तो मागे न वळता म्हणाला, "नाही हो आजोबा, जुनी आहे. जरा थांबा, हात बसेल."